विशेष शाळेचा इतिहास लिहायला घेताना: आधी जनरल रजिस्टर, मग कोनशिला

शाळेला पन्नास किंवा पंचाहत्तर वर्षं झाली की स्मरणिका निघते. पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, मग मान्यवरांचे शुभेच्छा संदेश, मग देणगीदारांची यादी आणि जाहिराती. माझी सगळी नोकरी मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत झाली, त्यामुळे अशा किती तरी स्मरणिका माझ्या हाताखालून गेल्या. शाळा कोणी काढली, जागा कोणी दिली, उद्घाटनाला कोण आलं, हे सगळं त्यांत सापडतं. शाळेत कोण शिकलं ते सापडत नाही. मुलं असतात ती एका सामूहिक फोटोत, खाली नावं नसलेली.

निवृत्तीनंतर शाळेचा इतिहास लिहायचं काम संस्थेने माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी एकच अट घातली. सुरुवात मुलांच्या नोंदींपासून करायची, आणि इमारतीचा इतिहाससुद्धा मुलं तिच्यात कशी राहिली, कशी वावरली, या अंगाने लिहायचा. महाराष्ट्रातल्या एखाद्या अंधशाळेचा, मूकबधिर विद्यालयाचा, मतिमंद मुलांच्या शाळेचा किंवा अपंग बालगृहाचा इतिहास तुम्ही लिहायला घेणार असाल, तर मी काम कसं केलं ते इथे सांगते. आमची शाळा मूकबधिरांची, म्हणून उदाहरणं तिथलीच जास्त येतील.

पाच तारखा वेगळ्या करा

सगळ्यात आधी एका कागदावर पाच तारखा लिहायला घ्या: पहिलं मूल कधी आलं, संस्थेची नोंदणी कधी झाली, सरकारी मान्यता कधी मिळाली, अनुदान कधी सुरू झालं आणि शाळा आजच्या इमारतीत कधी आली. या तारखा एकमेकींपासून दहा-पंधरा वर्षांनी लांब असू शकतात, आणि वर्धापनदिन त्यांतल्या कोणत्याही एकीवर साजरा होत असतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० चा आहे. त्यामुळे शाळा १९३५ ची असली तरी तिची त्या कायद्याखालची नोंदणी नंतरचीच असणार. ते प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत लावलेलं असतं, म्हणून लोक तेच स्थापनेचं साल धरून चालतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र असेल तर ते जुनं असू शकतं. तेही शोधा.

धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा मिळतो. त्यात विश्वस्तांची नावं आणि संस्थेची स्थावर-जंगम मालमत्ता असते. विश्वस्त बदलले किंवा मालमत्तेत भर पडली की चेंज रिपोर्ट दाखल होतो. हे रिपोर्ट ओळीने लावले की नवा मजला, शेजारचा प्लॉट, वसतिगृहाची जागा कधी आली ते बऱ्यापैकी कळतं.

सरकारी कागद शोधताना नवखा माणूस हमखास शिक्षण खात्यात जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. आपल्या राज्यात विशेष शाळांचा कारभार दीर्घकाळ समाजकल्याण खात्याकडे राहिला. फायली जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयात असतात, आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग २०२२ च्या डिसेंबरमधला आहे. स्वातंत्र्यापूर्वीची शाळा असेल तर मात्र उलट, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल चाळावे लागतात. त्यासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आहे. मिशनऱ्यांनी काढलेली शाळा असेल तर ‘ज्ञानोदय’चे जुने अंक बघा. ते पत्र १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं. सूचीत शोधताना त्या काळचे शब्द घ्या, मुके-बहिरे, आंधळे, पांगळे, कारण आजच्या शब्दांनी तिथे काहीही हाती लागणार नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा झाला तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एका अर्जात एकच विषय घ्या आणि दीडशे शब्दांच्या आत आटपा. राज्याचा तसा नियमच आहे. प्रती मागण्याआधी फाईल बघायला मागावी. चाळल्याशिवाय कोणतं पान हवं ते आपल्यालाच ठाऊक नसतं.

जनरल रजिस्टर

प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं: नाव, जन्मतारीख, गाव, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. या एका वहीत शाळेचा अर्धा इतिहास आहे. खिडकीजवळ उजेडात, सपाट टेबलावर ठेवून प्रत्येक पानाचा फोटो घ्या. पानं लॅमिनेट करू नका, फाटलेल्या कडांना सेलोटेप लावू नका. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि शाईसकट कागद खातो.

मग दर वर्षाची एक ओळ काढा. किती मुलं आली, त्यांत मुली किती, येताना वय काय, कुठल्या तालुक्यांतून आली, का गेली. आमच्या रजिस्टरच्या सुरुवातीच्या पानांवर दहा-बारा वर्षांची मुलं पहिलीत बसलेली दिसतात, कारण अशी शाळा असते हेच आईवडिलांना उशिरा कळलं. मुलींची नावं विरळ आहेत, आणि त्यांच्यापुढे सोडण्याचं कारण बहुतेक ठिकाणी ‘घरगुती’ असं आहे. त्या एका शब्दामागे काय काय असेल, हे पुढे मुलाखतींत विचारायचं म्हणून मी लिहून ठेवलं.

प्रवेश अर्जात किंवा केसपेपरात अपंगत्वाचं कारण असतं. तो रकाना वर्षांच्या क्रमाने वाचा. अंधशाळेच्या जुन्या पानांवर ‘देवी’ हे कारण दिसलं तर ते कधी थांबतं ते पाहा. भारत देवीमुक्त झाल्याचं १९७७ मध्ये जाहीर झालं. अपंग बालगृहात पोलिओची मुलं कमी होत गेलेली दिसतील. देशातला शेवटचा वन्य पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पट घसरला म्हणून शाळा बंद पडायला आली, असं लोक हळहळत सांगतात. पण काही शाळांचा पट घटला तो एक आजार गेला म्हणून, हेही तुमच्या इतिहासात यायला हवं. मूकबधिर शाळांत कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) झालेली मुलं साध्या शाळेत जाऊ लागली, हे कारण वेगळं. प्रत्येक घसरण तपासून मगच तिचं कारण लिहा.

आणखी एक आकडा शेजारी ठेवा. १८८१ ते १९३१ च्या जनगणनांमध्ये आंधळ्या आणि मुक्या-बहिऱ्या माणसांची जिल्हावार गणती आहे. १९४१ पासून ती बंद झाली आणि १९८१ मध्ये पुन्हा घेतली गेली. जिल्ह्यातली संख्या आणि शाळेच्या पटावरची संख्या एका ओळीत लिहिली की शाळेबाहेर किती राहिली ते दिसतं. आमच्या पुस्तकातलं सगळ्यात जड पान तेच आहे.

रजिस्टरच्या जोडीला डेडस्टॉक घ्या, जडसंग्रहाची नोंदवही. ती सहसा कोणी उघडतही नाही. टेलर फ्रेम (अंध मुलांची गणिताची पाटी), ब्रेल पाट्या, वेताची भेंडोळी, हातमाग, ग्रुप हिअरिंग एडचा, म्हणजे सगळ्या वर्गाला एकत्र ऐकवणाऱ्या श्रवणयंत्राचा संच, मोठे आरसे, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट): कोणती वस्तू कधी आली आणि कधी निर्लेखित झाली, म्हणजे नोंदीतून काढली गेली, यावरून शिकवण्याची पद्धत कधी बदलली ते कळतं. कार्यकारिणीच्या इतिवृत्तात ठराव असतो, कीर्दीत खर्च असतो, डेडस्टॉकमध्ये वस्तू असते. तिन्ही जुळलं की तारीख पक्की.

इमारत वाचायची ती अशी

कोनशिलेपासून सुरुवात करू नका. कोनशिला एका दिवसाचं सांगते, आणि कधी कधी ती दुसऱ्याच भिंतीतून काढून आणून बसवलेली असते. टेप घ्या, बरोबर एक माणूस घ्या आणि खोली-खोली मोजून हाताने नकाशा काढा. मोजताना जे दिसतं ते नुसतं फिरताना दिसत नाही. दोन खोल्यांमधली भिंत एका जागी जाड आणि पुढे पातळ भरली, तर जाड भाग एके काळी बाहेरची भिंत होता. चुन्याने भरलेले सांधे आणि सिमेंटने भरलेले सांधे कुठे भेटतात ते पाहा. छपराला आधार देणाऱ्या सागवानी कैच्या कुठे संपतात आणि स्लॅब कुठे सुरू होतो ते पाहा. लोखंडी तुळयांवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. गिलाव्याचे पोपडे निघालेले असतील तिथे ते वाचता येतं.

कौलं मंगलोरी असतील तर एखादं सुटलेलं उलटून पाहा, मागे कारखान्याची छाप असते. पण छापेतलं साल जपून घ्या. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला. कौलावर असं साल असेल तर ते बहुतेक वेळा कारखान्याच्या स्थापनेचं असतं. तेवढ्यावरून तुमचं छप्पर त्या सालचं ठरत नाही.

जमिनीचे कागद वेगळे गोळा करावे लागतात. शहरात सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून मालमत्ता पत्रक, गावात सातबारा आणि त्यामागचे फेरफार. जागा दान मिळाली असेल तर दुय्यम निबंधकांकडे बक्षीसपत्राची नोंद शोधा. नगरपालिकेत बांधकाम परवानगी आणि घरपट्टीच्या आकारणीची नोंद बघा. परवानगी हरवली तरी आकारणी सहसा सापडते, कारण पैसे वसूल करायचे असतात. जुने दस्त मोडी लिपीत असले तर मोडी जाणणाऱ्याकडून पूर्ण वाचून घ्या, सारांशावर भागवू नका. जागा ज्या अटींवर दिली त्या अटी बऱ्याचदा शेवटच्या ओळींत असतात.

हे झालं कोणत्याही जुन्या इमारतीचं. आपल्या शाळांच्या इमारती याहून पुष्कळ काही सांगतात, आणि ते वाचायला तिथे शिकलेली माणसं बरोबर लागतात.

आमच्या एका जुन्या वर्गात जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीत एका ओळीने चौकोनी खळगे बुजवलेले आहेत. वर रंगाचे किती तरी थर चढलेत, पण सकाळच्या तिरप्या उजेडात त्यांच्या कडा उठून दिसतात. एकाही कागदात त्यांचा उल्लेख नाही. साठी ओलांडलेला एक माजी विद्यार्थी त्या खोलीत आला. त्याने खळग्यांकडे बोट दाखवलं, जमिनीवर जोरात पाय आपटला आणि पालथा तळहात थरथरवून दाखवला. मग तो सगळं खुणांनी सविस्तर सांगू लागला. तिथे एके काळी फळ्यांची जमीन होती, खळगे तिच्या वाशांचे. बाई पाय आपटायच्या, फळ्यांमधून कंप यायचा, तळपायांना कळायचं आणि सगळा वर्ग वळून बघायचा. पुढे फळ्या काढून शहाबादी फरशी बसवली. कीर्दीत त्या कामाची नोंद ‘फरशी बदलणे’ एवढीच आहे. शाळेच्या लेखी ती दुरुस्ती होती. मुलांच्या लेखी त्या दिवसापासून बाईंना त्यांना हाक मारता येईनाशी झाली. खांद्याला हात लावायचा किंवा दिवा उघडमीट करायचा, एवढंच उरलं. आमच्या पुस्तकात या फरशीला चार पानं आहेत आणि उद्घाटन समारंभाला अर्धं.

म्हणून प्रत्येक खोलीपुढे दोन रकाने करा: कागदावरचं नाव, आणि मुलांनी तिथे काय केलं. अंधशाळेत हात कुठे कुठे लागत होता ते विचारा. जिन्याच्या कठड्यावरची खाच, व्हरांड्याच्या कडेची उंच पट्टी, वळणावर वेगळ्या पोताची फरशी, घंटेची जागा. वेताच्या खुर्च्या विणायची खोली कोणती होती, हातमाग कुठे होता. मतिमंद मुलांच्या शाळेत कार्यशाळेची शेड कधी उभी राहिली ते बघा, कारण तेव्हाच कोणाच्या तरी मनात आलं असेल की ही मुलं अठरा वर्षांची होणार आहेत. अपंग बालगृहात पॅरलल बार (धरून चालायला शिकायचे दोन समांतर दांडे) आणि कॅलिपरची दुरुस्ती कुठे चालायची ते शोधा.

उताराचा रॅम्प असेल तर मोजा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे आजचं माप. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा येण्यापूर्वी रॅम्पची सक्ती नव्हती, त्यामुळे अनेक ठिकाणी तो मागाहून पायऱ्यांवरच ओतलेला असतो, आणि इतका उभा की चाकाची खुर्ची कोणीतरी मागून ढकलावीच लागते. तो कधी झाला आणि तोवर मुलांना वर कोण उचलून नेत होतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिपाईमामा आणि वसतिगृहाच्या मावशी यांची नावं मला तिथेच मिळाली.

मूकबधिर शाळेसाठी एक जास्तीची गोष्ट. १८८० मध्ये मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने बोलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीच्या बाजूने ठराव केला. पुढची शंभर वर्षं जगभरच्या वर्गांतून खुणा हद्दपार होत गेल्या. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने ते ठराव नाकारले. आपल्याकडे मूकबधिरांची पहिली शाळा मुंबईत १८८५ मध्ये निघाली, म्हणजे मिलाननंतर पाच वर्षांनी. आमच्या शाळेतही वर्गात आरसा, ओठांकडे बघणं आणि आवाज काढणं चालायचं, आणि हात बाकाखाली ठेवायला लावायचे. हातांची भाषा वाढली ती वसतिगृहात, दिवे जाईपर्यंत, मोठ्या मुलांकडून लहानांकडे. म्हणून नकाशावर मी प्रत्येक जागेपुढे तिथे कोणती भाषा चालायची तेही लिहिलं. वसतिगृहाची इमारत शाळेला जोडलेली एक सोय म्हणून शेवटच्या पानावर टाकू नका. आमच्या मुलांचं अर्धं शिक्षण तिथे झालं.

माणसांशी बोलताना

बहिऱ्या माजी विद्यार्थ्यांची मुलाखत व्हिडिओवरच घ्यायची, दोन्ही हात आणि चेहरा चौकटीत ठेवून, उजेड समोरून. दुभाषा असा बघा जो शाळेत कधी नोकरीला नव्हता. शिक्षकच दुभाषा असेल तर मुलं शाळेत बसलेल्या माराबद्दल बोलत नाहीत. माझ्यासमोर ती बोलली नाहीत. मी खोलीबाहेर गेल्यावर बोलली. दोघा-तिघांना एकत्र बसवलं तर एकमेकांच्या आठवणी दुरुस्त होतात, पण कोणाला एकट्यानेच बोलायचं असेल तर तसं बोलू द्या. काही खुणा त्या वसतिगृहातल्याच असतात, बाहेरच्या दुभाषाला कळत नाहीत. त्या वेगळ्या चित्रित करून ठेवा. भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या पिढ्यांच्या खुणा अशाच माणसांच्या हातांत शिल्लक आहेत.

अंध माजी विद्यार्थ्यांबरोबर बसून बोलण्यापेक्षा इमारतीत चाला. वळण आलं की आठवण येते. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना साल विचारू नका. जुना फोटो, जेवणाचं ताट, विणकामाचा दोरा हातात द्या आणि थांबा. घाई केली की ते तुम्हाला हवं ते उत्तर देतात. संमती तोंडदेखली घेऊ नका. पुस्तकात तुझा फोटो छापला आणि शेजारच्याने तो बघितला तर चालेल का, असं समजेल अशा शब्दांत विचारा, आणि तेच काही दिवसांनी पुन्हा विचारा. पालकांची सही त्या माणसाच्या होकाराच्या जागी धरू नका.

कडू गोष्टी निघतील. मार, उपाशी ठेवणं, वसतिगृहातला मृत्यू. संस्था म्हणेल की हे कशाला. दोन वेगवेगळ्या माणसांकडून स्वतंत्रपणे कळलेलं आणि शेरेबुक (तपासणीला आलेल्यांचे शेरे लिहायची वही), इतिवृत्त किंवा पोलिसांच्या कागदात ज्याची खूण आहे ते लिहायचं. एकाच माणसाने सांगितलेलं त्याच्या शब्दांत, त्याची आठवण म्हणून लिहायचं. गाळायचं नाही. त्याचबरोबर, स्वतःच्या पगारातून मुलांना चष्मे आणणाऱ्या शिक्षकाबद्दल तीन जण वेगवेगळे सांगत असतील, तर तेही तितक्याच ठसठशीतपणे लिहा.

लिहिताना आणि छापताना

मुलांची नावं, जात, आजार आणि घरची परिस्थिती रजिस्टरमधून जशीच्या तशी छापू नका. हयात माणसाची परवानगी असेल तरच नाव. बाकीच्यांचं गाव आणि साल पुरे. अवतरणात जुना शब्द असेल तो तसाच राहू द्या, स्वतःच्या लिखाणात आजचा वापरा.

शाळेला तिच्या काळात ठेवा, पण थोडक्यात. अमृतसरला १८८७ मध्ये अंधांची पहिली शाळा, दादरला १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनची अंधशाळा, शिवडीची जय वकील शाळा १९४४ ची, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढली ती १९७२ मध्ये. तुमची शाळा यांच्या आधीची की नंतरची, तिथून कोणी शिकून आलं का, एवढं सांगितलं की पुरे. कायद्यांचंही तसंच. १९९५ चा कायदा, २००९ चा शिक्षण हक्क कायदा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले अपंगत्वाचे एकवीस प्रकार, यांनी तुमच्या पटावर, शिक्षकांच्या नेमणुकीवर, इमारतीवर काय परिणाम झाला तेवढंच घ्या.

मसुदा ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यापर्यंत छापण्याआधी पोचला पाहिजे: ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित करून किंवा खुणांच्या व्हिडिओत. आमच्याकडे नकाशातल्या दोन खोल्यांची नावं आणि एका मावशींचं नाव असंच सुधारलं. पुस्तकाबरोबर याही आवृत्त्या काढायच्या, आणि खर्चाचा अंदाज करतानाच त्या धरायच्या. नंतर त्यांना पैसे उरत नाहीत.

रजिस्टरचे फोटो, मुलाखतींचे मूळ व्हिडिओ आणि मोजमापाचा नकाशा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. एक संस्थेत आणि एक बाहेर, जिल्हा ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात, कोणतं साहित्य कोणाला कधी बघता येईल हे लेखी ठरवून. छापील प्रती माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेकडे आधी द्या. शाळेच्या कार्यालयात एक कोरी वही ठेवा आणि तिच्यावर ‘पुस्तकातल्या दुरुस्त्या’ असं लिहा. आमच्या वहीत पहिल्याच महिन्यात नोंदी सुरू झाल्या, त्यातली एक त्या फळ्यांच्या जमिनीबद्दलच आहे: फळ्या शेजारच्या खोलीतही होत्या. तिथली भिंत आता तपासायची आहे.